परदेशी युनिव्हर्सिटीच्या मीडिया पॉलिसी प्रोजेक्टमध्ये 'कंट्री पार्टनर' व्हायचं का? अनुभव असलेल्यांनी सांगा

बोरीबाभळी

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात पत्रकारिता शिकवते. गेल्या महिन्यात युरोपातल्या एका युनिव्हर्सिटीतून मेल आला, आधी वाटलं तो नेहमीचा 'पैसे भरा पेपर छापतो' टाइपचा असेल म्हणून उडवणारच होते, पण नाव शोधलं तर खरोखरचे प्रोफेसर निघाले, बऱ्यापैकी नाव असलेले. त्यांचा ग्लोबल मीडिया गव्हर्नन्सवर प्रोजेक्ट आहे, म्हणजे कुठल्या देशात मीडियावर लगाम कुणाच्या हातात, मालकी कुणाची, रेग्युलेटर (नियम लावणारी संस्था) स्वतंत्र आहे का, फेसबुक यूट्यूबसाठी काय कायदे, याची देशादेशांत तुलना करायची, आणि भारतासाठी त्यांना 'कंट्री पार्टनर' हवाय. माझा एक जुना पेपर कुठेतरी वाचला म्हणे.

सोबत कोडबुक म्हणून एक लांबलचक एक्सेल पाठवलीय. प्रत्येक ओळीला एक प्रश्न आणि पुढे ड्रॉपडाउन: हो, नाही, अंशतः. इथेच माझं डोकं फिरलं. उदाहरणार्थ "टीव्हीला परवाना देणारी संस्था सरकारपासून स्वतंत्र आहे का". आता कुठला टीव्ही? सॅटेलाइट चॅनेलला परवानगी देतं माहिती व प्रसारण मंत्रालय, ट्राय ही दूरसंचार-प्रसारणाची नियामक संस्था दर ठरवते आणि बाकी शिफारशी करते, दूरदर्शन प्रसार भारतीकडे, आणि आमच्या गावात जो लोकल केबलवाला गणपती विसर्जन आणि नगरपालिकेची सभा दाखवतो त्याची नोंदणी वर्षानुवर्षं चक्क हेड पोस्ट ऑफिसात व्हायची. हे सगळं एका चौकोनात कसं भरू?

तर विचारायचंय हे की अशा प्रोजेक्टात आपलं काम नेमकं काय असतं, नुसतं फॉर्म भरून द्यायचा का? पैसे मिळणारेत असं लिहिलंय पण कॉलेजच्या खात्यात परदेशी पैसे येऊ शकतात का? पेपरवर नाव लागतं का? आणि प्राचार्यांना हे सांगितल्यावर ते फक्त एवढंच म्हणाले की एमओयू (सामंजस्य करार) होतोय का बघा, नॅकच्या मूल्यांकनाला लागेल 😅

---

सातासमुद्रापार

अभिनंदन ताई! मी जर्मनीत पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करतोय आणि अशाच एका तुलनात्मक प्रोजेक्टच्या टीममध्ये आहे, म्हणजे तुम्हाला जो मेल आलाय तसे मेल मी स्वतः लिहितो 🙈 त्यामुळे आतली बाजू सांगतो.

पहिली गोष्ट विचारा की ग्रँट मंजूर झालीय की अजून अर्ज करायचाय. यावर सगळं अवलंबून आहे. अर्ज करायचा असेल तर तुमचा शब्द चालतो, कारण कुठला प्रश्न विचारायचा, बजेट कसं वाटायचं, कुणाची पोस्ट कुठे टाकायची हे सगळं त्याच कागदात ठरतं आणि एकदा मंजूर झालं की त्यातला आकडा हलवणं महाकठीण. मंजूर झालेली असेल तर याचा अर्थ देशांची यादी आधीच देऊन झालीय, त्यात भारत आहे आणि आता भारताच्या रकान्यात नाव हवंय. ते वाईट असतं असं नाही, पण आपण कुठल्या स्टेशनवर गाडीत चढतोय ते माहीत असावं.

दुसरं कोडबुकचं. तुम्हाला जे वाटलं ते एकट्या तुम्हाला वाटलेलं नाही. या विषयात सगळे ज्याचा आधार घेतात ते हॅलिन आणि मँचिनी या अभ्यासकांचं २००४ चं पुस्तक, त्यात देश किती, तर पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिकेतले मिळून १८. त्यावरून मीडिया व्यवस्थेची तीन मॉडेल काढली. मग जगभरच्या पीएचडीवाल्यांनी आपापला देश त्या तिनातल्या एका खणात कोंबायचा सपाटा लावला. शेवटी २०१२ मध्ये त्या दोघांनीच पाश्चात्य जगाबाहेरच्या देशांवर वेगळं पुस्तक संपादित केलं. पण एक्सेल बनवणाऱ्यांच्या डोक्यात अजून तेच खण असतात, मुद्दाम कुणी करत नाही, त्यांच्याकडे टीव्हीचा परवाना म्हटला की एक ऑफिस आणि त्याचा एक पत्ता असतो त्यामुळे प्रश्न पडतच नाही.

म्हणून सगळ्यात आधी त्यांना विचारा की कोडबुक अजून उघडं आहे का. म्हणजे पायलट (आधीची चाचणी) झालाय का, पार्टनरांनी प्रश्न बदलायची सोय आहे का, प्रत्येक उत्तराशेजारी सविस्तर टीप लिहायला जागा आहे का आणि ती टीप शेवटच्या डेटासेटबरोबर प्रसिद्ध होणार का. टीप लिहून घेतात आणि छापताना फक्त ०, १, २ छापतात असं होतं, सर्रास. आणि एकाच देशाला दोन कोडर, म्हणजे उत्तरं भरणारी माणसं, आहेत का तेही विचारा, दोघांनी एकमेकांना न विचारता भरायचं आणि मग जुळवून बघायचं असतं. भारतासारख्या देशाला एकच माणूस ठेवला असेल तर त्यांना सरळ सांगा की दुसऱ्या कोडरचे पैसे काढा.

चांगली उदाहरणंही आहेत बरं का. ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट बघा, १९९५ पासून दर पाच वर्षांनी ठरलेल्या एका दिवशी जगभरातले लोक आपापल्या देशातली वर्तमानपत्रं, रेडिओ, टीव्ही तपासतात आणि बातमीत बाया किती दिसतात ते मोजतात. पहिल्या खेपेला ७१ देश होते, २०२० ला ११६. आणि प्रमाण १७ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आलं, पंचवीस वर्षांत एवढंच. ते चालतं कारण प्रश्न लहान आहे आणि नांदेडच्या पेपरात काय आणि नैरोबीच्या पेपरात काय सारखाच विचारता येतो. 'स्वतंत्र आहे का' हा प्रश्न तसा नाही.

---

पुरवणी_प्रमुख

मॅडम, मी रिटायर्ड माणूस, आयुष्य जिल्हा दैनिकात गेलं. रिसर्चमधलं मला फार कळत नाही पण तुमच्या त्या एक्सेलमध्ये "संपादकीय विभाग आणि जाहिरात विभाग वेगळे आहेत का" असा एक प्रश्न असणार, पैज लावतो.

आणि याचं खरं उत्तर सांगतो. जिल्ह्याच्या ऑफिसात गेलात तर वेगळे आहेत, दोन वेगळी टेबलं, दोन वेगळी माणसं. तालुक्याला जा. तिथला वार्ताहर हाच जाहिरात प्रतिनिधी, त्याला पगार म्हणावा असं काही नाही, मानधन आणि जाहिरातीवर कमिशन. वर्धापनदिनाची पुरवणी आणि दिवाळी आली की त्याला टार्गेट येतं. मग तो कुणाकडे जाणार? साखर कारखाना, पतसंस्था, बाजार समिती, शिक्षणसंस्था, आणि साहेबांच्या वाढदिवसाचं अर्धं पान. आता त्याच पतसंस्थेत घोटाळा झाला तर बातमी तोच लिहिणार! कुणी त्याला 'लिहू नको' असा फोन करत नाही हो, गरजच पडत नाही. सेन्सॉरशिप शोधायला आलेल्या माणसाला इथे काहीच सापडणार नाही, कागद नाही की आदेश नाही. तुमच्या ड्रॉपडाउनमध्ये 'हो' भरलंत तरी खोटं आणि 'नाही' भरलंत तरी खोटं.

शिवाय सरकारी जाहिरात. यादीवर असलेला पेपर आणि यादीवर नसलेला पेपर, आणि यादीवर असला तरी कुठल्या वर्गात, यावर छोट्या साप्ताहिकांचं मरण-जगणं ठरतं. रेग्युलेटर रेग्युलेटर म्हणता तर खरा रेग्युलेटर तो बसलाय.

आणि एक जुनी गोष्ट, कारण तुमची पिढी हे वाचते पुस्तकात, आम्ही बघितलंय. जुलै १९७६ मध्ये दिल्लीत अलिप्त देशांची मोठी परिषद भरली, जगाच्या बातम्या चार-दोन पाश्चात्य एजन्सींच्या हातात आहेत, आपण आपला न्यूज पूल करू, एकमेकांच्या बातम्या वाटून घेऊ म्हणून. मुद्दा शंभर टक्के खरा होता. पण त्यावेळी इथे आणीबाणी चालू! बातम्या सेन्सॉरला दाखवून छापायच्या, आणि परिषदेच्या आधी काही महिने, फेब्रुवारीत, पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चारही एजन्सी मोडून एकच 'समाचार' करून टाकलेली. त्याच महिन्यात इकडे मुंबई हायकोर्टाने माजी खासदार मिनू मसानींच्या मासिकाच्या केसमध्ये सेन्सॉरचे हुकूम रद्द केले. म्हणजे बाहेर आपण माहितीच्या स्वातंत्र्यावर भाषण देतोय आणि घरात ही तऱ्हा.

पुढे युनेस्कोने याच प्रश्नावर शॉन मॅकब्राइड यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन नेमलं, त्याचा रिपोर्ट १९८० ला आला, त्यात भारतातून बी. जी. व्हर्गीस होते, ज्यांना १९७५ मध्ये हिंदुस्थान टाइम्सच्या संपादकपदावरून काढलं होतं तेच. त्या सगळ्या वादात अमेरिका १९८४ च्या शेवटी युनेस्कोतून बाहेर पडली, पाठोपाठ ब्रिटन. (अमेरिकेचं तर काय, २००३ ला आली, २०१८ ला गेली, २०२३ ला आली, आणि २०२५ मध्ये परत जातो म्हणून जाहीर केलंय. एसटीचा पास काढलाय जणू.)

हे सांगायचं कारण एवढंच की तुमच्याकडून 'भारताची भूमिका' मागतील. मंत्रालयाने जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय बैठकीत काय सांगितलं ते एक, आणि आमचा तालुका वार्ताहर कशात जगतो ते दुसरं. दोन्ही लिहायची मुभा असेल तरच सही करा.

---

कलम_एकोणीस

पैशाचं मी सांगतो, वकिली करतो आणि दोन-तीन संस्थांचं हे काम बघतो. हे सर्वसाधारण सांगतोय, शेवटी तुमच्या संस्थेच्या सीएला दाखवाच.

कॉलेज खाजगी ट्रस्टचं असेल तर परदेशातून आलेली ग्रँट एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येते. संस्थेची नोंदणी हवी किंवा त्या विशिष्ट रकमेसाठी आधी परवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मेन ब्रँचमधल्या खात्यातच येतो, तुम्ही सोलापुरात असा नाहीतर सिल्लोडला. त्याच दुरुस्तीने दुसरं एक दार बंद केलं: एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. पूर्वी दिल्लीतली मोठी संस्था पैसे घ्यायची आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या छोट्या पार्टनरांना वाटायची, ते बंद. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आली. म्हणून परदेशी लोक हल्ली मोठ्या शहरातली एकच संस्था धरतात आणि तुमच्यासारख्यांना 'कन्सल्टंट' म्हणून घेतात.

कन्सल्टंट म्हणजे तुम्ही केलेल्या कामाची फी, ती ग्रँटपेक्षा वेगळी गोष्ट आहे, नेहमीच्या व्यवहारातली सेवेची फी कायद्याने परदेशी देणगीत धरत नाहीत. पण मग करार तसाच हवा, बिल हवं, इन्कम टॅक्स भरायचा, आणि नोकरी करताय तर संस्थेची लेखी परवानगी. मेलवर ठरलंय म्हणून काम सुरू करू नका प्लीज.

तिसरा रस्ता जो लोक विसरतात: आयसीएसएसआर, म्हणजे सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला निधी देणारी केंद्राची संस्था. त्यांचे काही देशांबरोबर संयुक्त प्रोग्रॅम निघतात, त्यात परदेशी टीमला तिकडची संस्था पैसे देते आणि भारतीय टीमला आयसीएसएसआर, म्हणजे परदेशी पैशाचा प्रश्नच मिटला. त्यांचं पश्चिम विभागाचं केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना कँपसमध्ये आहे, जाऊन विचारा, फोनपेक्षा बरं पडतं.

आणि मुलाखती घेणार असाल तर डेटाचं आधी ठरवा. २०२३ चा आपला डीपीडीपी (वैयक्तिक डेटा संरक्षण) कायदा आहे, त्यात संशोधनाला सवलत आहे पण अटींसह, आणि तिकडची युनिव्हर्सिटी जीडीपीआर या युरोपच्या तशाच कायद्याने बांधलेली. माझा सल्ला, कुणाची मुलाखत कुठला कोड याची यादी तुमच्याकडेच ठेवा, बाहेर पाठवूच नका. नाव काढलं म्हणजे माणूस लपला असं समजू नका. "मराठवाडा, जिल्हा आवृत्ती, ब्युरो चीफ, महिला" एवढं लिहिलंत की सगळ्या जिल्ह्याला कळतं कोण ते. युरोपातल्या एथिक्स कमिटीला हे सुचत नाही, त्यांना 'मराठवाडा' म्हणजे भलामोठा प्रदेश वाटतो.

---

बोरीबाभळी

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. धन्यवाद सगळ्यांना. @पुरवणी_प्रमुख काका, पैज जिंकलात, तो प्रश्न खरंच आहे, अगदी तसाच 😂

@सातासमुद्रापार ग्रँट मंजूर झालेली आहे, मेलमध्ये खाली बारीक अक्षरात होतं. कोडबुकवर "ड्राफ्ट" लिहिलंय म्हणजे उघडं असावं असं धरते. नाव लागण्याचं कुणी सांगितलं नाही अजून.

---

ध्वनिक्षेपक

नावाचं मी सांगते, कारण माझं लागलं नव्हतं.

मी पश्चिम महाराष्ट्रात कम्युनिटी रेडिओवर (आसपासच्या गावांपुरता, नफ्यासाठी नसलेला रेडिओ) काम करत होते तेव्हा परदेशातली एक टीम आली, त्यांचं नाव घेत नाही. आम्ही त्यांना गावोगाव फिरवलं, बायकांच्या ग्रुप चर्चा आम्ही घेतल्या, रेकॉर्डिंग ऐकून उतरवून इंग्रजी करून दिलं. पेपर आला तेव्हा आम्ही आभारात, तेही "स्थानिक टीम" म्हणून, नाव नाही. भांडायला कागदच नव्हता आमच्याकडे. पुढच्या टीमला मी पहिल्याच मीटिंगला सांगितलं की कोण काय करणार ते आत्ता लिहू. हल्ली बऱ्याच जर्नलमध्ये क्रेडिट नावाची पद्धत असते, १४ प्रकारच्या कामांची यादी, कल्पना कुणाची, डेटा गोळा कुणी केला, विश्लेषण कुणी, पहिला खर्डा कुणी. ती यादी उघडायची आणि प्रत्येकापुढे नाव टाकायचं, सुरुवातीलाच. गोरे लोक यावर चिडत नाहीत बरं का, उलट त्यांना लिहिलेलं आवडतं. आपल्यालाच उगाच संकोच.

तुम्ही शिकवता तर हेही बघा, यूजीसीच्या २०१८ च्या नेमणूक-बढतीच्या नियमात दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या किंवा करस्पाँडिंग (जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या) लेखकाला ७० टक्के गुण आणि बाकी प्रत्येकाला ३०. वीस देशांच्या वीस पार्टनरांचा पेपर आला तर तुम्हाला ३० च. म्हणून भारतावरचा वेगळा पेपर किंवा कंट्री रिपोर्ट तुमच्या पहिल्या नावाने येईल असं मागून घ्या. ते देतात, मागणाऱ्याला.

आता विषयावर थोडं, कारण माझा जीव अडकलाय त्यात. कम्युनिटी रेडिओचा एक प्रश्न असेल त्या कोडबुकात, "कम्युनिटी मीडियाला कायदेशीर मान्यता आहे का". हो, आहे. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रसारणाच्या लहरी (एअरवेव्ह्ज) ही सार्वजनिक मालमत्ता आहे म्हणून सांगितलं, निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत, आपलेच मराठी, पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले ते. मग २००२ ला शिक्षणसंस्थांना परवाने सुरू झाले आणि २००६ ला स्वयंसेवी संस्थांना. म्हसवडला माणदेशी तरंग हा असा रेडिओ २००८ पासून आहे. म्हणजे 'हो' भरा आणि पूर्ण मार्क द्या. पण या रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही! आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं वाजवायचं. गावात टँकर आला नाही, हे 'माहिती' म्हणून सांगता येतं का 'बातमी' होते, यावर आमच्या स्टुडिओत तास तास वाद व्हायचा. टँकर उद्या सकाळी येणार हे सांगायला हरकत नाही, टँकर तीन दिवस का आला नाही आणि कुणामुळे, इथे आवाज खाली. हे त्या 'हो' मध्ये कुठे दिसतं?

---

कशाला_व्याप

वाचून दमलो. एवढी उस्तवार करून शेवटी काय, कुठल्यातरी इंडेक्समध्ये भारताचा नंबर अजून खाली, मग इकडे टीव्हीवर बोंब की परदेशी कारस्थान. त्यापेक्षा मॅडमनी हेच सगळं मराठीत लिहावं, पुरवणीवाल्या काकांची कॉमेंटच एखाद्या दिवाळी अंकात छापण्यासारखी आहे. इथल्या वार्ताहराचं दुखणं ब्रुसेल्सला, युरोपियन युनियनच्या मुख्यालयात, कळून त्याला काय मिळणार?

---

सातासमुद्रापार

@कशाला_व्याप मराठीत लिहावंच, त्याला विरोध कोण करतंय. पण ब्रुसेल्सचा इथे संबंध नाही हे पटत नाही. तालुक्याला आता पेपरपेक्षा यूट्यूब पोर्टल आणि फेसबुक लाइव्ह जास्त चालतात ना? ती चालवणाऱ्या कंपन्यांना वठणीवर आणायचे नियम सध्या तिकडे बनतायत. युरोपियन युनियनच्या २०२२ च्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टमध्ये मोठ्या प्लॅटफॉर्मनी संशोधकांना डेटा दाखवलाच पाहिजे असं कलम आहे, पण ते कशासाठी, तर युरोपातल्या धोक्यांचा अभ्यास करायला. मराठी फेसबुकवर निवडणुकीच्या काळात काय फिरलं हे बघायला आपल्याकडे तसं हक्काचं दार नाही. पूर्वी क्राउडटँगल नावाचं साधन होतं, त्यातून निदान पेजेस बघता यायची, ते मेटाने (फेसबुकच्या कंपनीने) ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केलं. ट्विटरने फुकटचा एपीआय (डेटा थेट मिळवायची सोय) त्याआधीच, २०२३ मध्ये काढून घेतला. आता इथल्या संशोधकाने त्या टेबलावर जाऊन 'आमच्या भाषांचं काय' हे विचारायचं तर पार्टनर म्हणूनच जावं लागणार, दुसरं कसं जाणार?

हे इंडेक्सचं मात्र तुमचं खरं आहे, कुठलाही प्रोजेक्ट नंबर काढायला लागला की त्यातलं शहाणपण संपतं. ताई, शेवटी रँकिंग येणार आहे का ते विचारून घ्या.

---

कलम_एकोणीस

वरच्या वादात एक भर. नुसता कायदा बघून कोडिंग केलं की काय होतं याचं आपल्या इथलंच उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरचा मुंबई बंद, पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर पोस्ट टाकली, मैत्रिणीने लाइक केली, दोघींना अटक. त्यातून आयटी कायद्याच्या ६६ए कलमावर (ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराला शिक्षा देणारं) याचिका गेली आणि मार्च २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. कुठल्याही कोडबुकात २०१५ नंतर त्या रकान्यात सुधारणा दिसणार. प्रत्यक्षात पोलीस ठाण्यांत त्याच मेलेल्या कलमाखाली गुन्हे दाखल होत राहिले, २०२१ मध्ये हे कोर्टापुढे आलं तेव्हा कोर्टालाही धक्का बसला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावर खटला चालवू नका.

तर मॅडम, 'कायदा काय म्हणतो' आणि 'ठाण्यात काय होतं' असे दोन वेगळे रकाने मागा. बाकी काही नाही मिळालं तरी चालेल, हे दोन रकाने सोडू नका.

---

पुरवणी_प्रमुख

@कशाला_व्याप दिवाळी अंकवाले मानधन देत असतील तर कळवा, लिहितो 😄

वकीलसाहेबांचं बरोबर. आणि मॅडम, वार्ताहरांशी बोलायचं असेल तर दुपारी तीन ते पाच टाळा, तेव्हा बातम्या पाठवायची घाई असते, कुणी धड बोलणार नाही. सकाळी एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये गाठा. आणि फॉर्मवर सही घ्यायला लागलात की गप्प होतील. आधी चहा, मग बोलणं, सही शेवटी.

---

बोरीबाभळी

काल त्यांच्याशी व्हिडिओ कॉल झाला. मी सगळं विचारलं, जरा फटकळपणेच. रँकिंग नाही म्हणाले, ते बरं झालं. दोन रकान्यांची कल्पना त्यांना आवडली, म्हणे ब्राझीलच्या पार्टनरनेही असंच काहीतरी मागितलंय, मग मी त्या ब्राझीलच्या बाईंचा मेल मागून घेतला, आम्ही दोघी मिळून परवान्याच्या प्रश्नाचा नवा खर्डा करणार आहोत. हेड पोस्ट ऑफिसचं सांगितलं तर त्यांना आधी खोटंच वाटलं, मग केबलवाल्याचा जुना नोंदणीचा कागद स्क्रीनवर धरून दाखवला (त्याच्याकडून फोटो मागवला होता, नाव झाकून). टीपा डेटासेटबरोबर छापायच्या का यावर मात्र "बघू" म्हणाले. दुसऱ्या कोडरला बजेट नाही, तिथे अडलंय. भारतावरचा रिपोर्ट माझ्या पहिल्या नावाने, हे मेलवर लिहून द्यायला सांगितलंय.

पैसे कन्सल्टन्सी फी म्हणून घेते असं ठरवतेय. प्राचार्यांचा चेहरा पडला, एमओयू नाही म्हटल्यावर. तर आता प्रश्न असा की पैशाशिवायचा नुसता एमओयू करता येतो का, म्हणजे दोघंही खूश?

---

कलम_एकोणीस

करता येतो. पैशाचा उल्लेख न करता फक्त शैक्षणिक सहकार्य, संयुक्त वेबिनार, विद्यार्थ्यांची देवाणघेवाण वगैरे. दोन पानी पुरतो. तुमचा कन्सल्टन्सी करार वेगळ्या कागदावर ठेवा, एकात दुसऱ्याचा संदर्भ नको. सही प्राचार्यांची नाही, संस्थेच्या सचिवांची लागेल बहुतेक, संस्थेची घटना तपासा. तिकडून त्यांच्या लीगल डिपार्टमेंटला वेळ लागतो, नॅकची तारीख जवळ असेल तर आजच मसुदा पाठवा.

---

सातासमुद्रापार

दुसऱ्या कोडरसाठी: तुमच्या एमएच्या एखाद्या विद्यार्थ्याचं डिसर्टेशन यावर लावा, भारताचं कोडिंग तो स्वतंत्र करेल, आणि त्याचं नाव क्रेडिटच्या यादीत डेटाच्या पुढे टाका. पण फुकट नको, कोडर म्हणून काहीतरी मानधन त्यांच्याकडून थेट निघतं का विचारा, 'ट्रॅव्हल' च्या हेडमध्ये बहुतेक पैसे उरलेले असतात. आणि टीपांचं "बघू" वर सोडू नका. ब्राझीलवाल्या बाईंना बरोबर घेऊन दोघींच्या नावाने एकच मेल टाका, दोन देश एकदम बोलले की इकडे ऐकतात.